घडा, कुंभार आणि ईश्वर
(तर्क आणि श्रद्धा : लेखांक ६)

मागच्या लेखात आपण अनुमानाची रचना पाहिली. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असे आपण ठरवतो, कारण या दोहोंचे साहचर्य स्वयंपाकघरात नेहमी पाहिलेले असते. न्यायदर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, हेच साधन ईश्वरासाठी वापरले. जे जे कार्य, त्याला कर्ता असतो, जसा घड्याला कुंभार. पृथ्वी अवयवांची बनलेली, म्हणजे तीही कार्यच. तेव्हा तिलाही कर्ता हवा, आणि एवढी सृष्टी घडवायची तर तो सर्वज्ञच हवा.

सातव्या शतकातले बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी या अनुमानाचे नेमके वर्म पकडले. वारूळही मातीचेच असते. मातीला आकार आला एवढ्यावरून कुंभार सिद्ध होत असेल, तर वारूळही त्यानेच केले म्हणावे लागेल! घडा पाहून कुंभाराचे अनुमान होते, कारण घडे कसे घडतात हे आपल्याला ठाऊक असते. डोंगराबाबत तसा अनुभव कुणाला आहे?

बौद्ध वेद मानत नव्हते, त्यामुळे त्यांचा विरोध अपेक्षितच होता. पण वेदप्रामाण्याचे कट्टर समर्थक, मीमांसक कुमारिल भट्ट यांनीही ‘श्लोकवार्तिका’त सृष्टिकर्ता नाकारला. शरीर नसलेला कर्ता काम कसे करील? त्याने करुणेपोटी सृष्टी केली म्हणावे, तर सृष्टीपूर्वी करुणा करायची कोणावर? आणि करुणाच होती, तर जगात इतके दुःख का? मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहेत, त्यांना रचणाराच नाही. त्यामुळे वेदांवरील श्रद्धेसाठी कुमारिलांना ईश्वराची गरजच पडली नाही.

या साऱ्यांना उत्तर द्यायला दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास मिथिलेचे नैयायिक उदयनाचार्य उभे राहिले. त्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’चे पाच स्तबक, म्हणजे फुलांचे पाच गुच्छ, पाच आक्षेपांना उत्तरे देतात. ईश्वर दिसत नाही म्हणून तो नाही, हे म्हणणे ते मान्य करत नाहीत. जी वस्तू असती तर दिसलीच असती, तिच्याच न दिसण्यावरून अभाव ठरतो. टेबलावर घडा दिसला नाही तर तो तिथे नाही. परमाणू दिसला नाही म्हणून तो नाही असे होत नाही. शरीराच्या आक्षेपावर न्यायपक्षाचे म्हणणे असे, की धुरावरून डोंगरावरचा अग्नी सिद्ध होतो, स्वयंपाकघर नव्हे. तसाच कार्यावरून कर्ता सिद्ध होतो, कुंभाराचे हातपाय नव्हेत.

ग्रंथाच्या आरंभीच उदयन सांगतात, की ईश्वराची ही तर्कचर्चा म्हणजे उपासनाच आहे. श्रुतीतून ऐकलेल्याचे मनन करायचे असते, आणि युक्तिवाद हे त्या मननाचेच रूप. म्हणजे तर्क श्रद्धेच्या आड येत नाही, तो पूजेत सामील होतो.

परमभक्त रामानुजाचार्यांना मात्र हा मार्ग पटला नाही. ‘श्रीभाष्या’त ते म्हणतात, की घड्याच्या दृष्टांतावरून फार तर मर्यादित, सशरीर कर्ता हाती लागेल. शिवाय निरनिराळ्या काळी निरनिराळ्या कर्त्यांनी जग घडवले नसेल कशावरून? म्हणून ब्रह्म जाणायचे ते शास्त्रातूनच. गंमत अशी, की त्यांचे हे आक्षेप विरोधी दर्शनांच्या आक्षेपांच्या जवळ जातात, आणि हेतू मात्र भक्तीचा आहे.

म्हणून भारतीय परंपरेत एका बाजूला तर्क आणि दुसऱ्या बाजूला श्रद्धा अशी सरळ फाळणी सापडत नाही. तर्क सगळेच करत होते. वाद होता तो तर्काची धाव कुठवर, याचा. उदयनांच्या मते ती ईश्वरापर्यंत पोहोचते. रामानुजांच्या मते शास्त्रावाचून ती अलीकडेच थांबते. कुमारिलांची श्रद्धा वेदावर होती, आणि त्यांचा तर्क कर्त्यालाच वगळून गेला. एखाद्याने ईश्वराचा पुरावा खोडला, एवढ्यावरून त्याला नास्तिक ठरवण्याची घाई करू नये, हे यातून शिकण्यासारखे.

पुढच्या आठवड्यात : अल गझाली आणि इब्न रुश्द यांचा वाद.