मनाचे डॉक्टर घडताना : लेखांक ६ – सही नको, आराखडा हवा

आज रुग्णाकडून टेबलाच्या अलीकडे बसलेल्याकडे वळू. आत्महत्येचा विषय निघाला की समुपदेशकाच्याही पोटात गोळा येतो. मग प्रश्न येतो तो असा: ‘तसलं काही मनात येत नाही ना?’ प्रश्नातच उत्तर भरवलेलं. रुग्ण मान हलवून सुटतो, विचारणाराही.

म्हणून प्रशिक्षणात आधी जीभ वळवावी लागते. दोघांनी समोरासमोर बसायचं, एकाने रुग्ण व्हायचं आणि दुसऱ्याने सरळ विचारायचं: ‘इतका त्रास होतो तेव्हा जीव द्यावासा वाटतो का?’ कुणाचा आवाज खाली जातो, कुणाला भलत्याच वेळी हसू फुटतं. फुटू द्यावं, पण पुन्हा विचारायला लावावं. विचारल्यामुळे तो विचार रुग्णाच्या डोक्यात शिरतो, ही भीती संशोधनात टिकलेली नाही. उलट अनेकांना हायसं वाटतं.

उत्तर ‘हो’ आलं की खरी कसोटी. अशा वेळी ‘मी जिवाचं बरंवाईट करणार नाही’ असं लिहून सही घ्यायची पद्धत १९७०च्या दशकापासून रुळली. तिने जीव वाचतात याला भक्कम पुरावा नाही. माझं मत विचाराल तर त्या कागदाने झोप लागते ती सही घेणाऱ्याला.

त्याऐवजी बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी सुरक्षा-आराखडा मांडला. वादळ येतंय हे कशावरून कळतं, तेव्हा स्वतः काय करायचं, कुणाकडे जायचं, मदत कुणाकडे मागायची, घरातला धोका कसा दूर ठेवायचा, हे रुग्णासोबत बसून त्याच्याच शब्दांत लिहायचं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत आराखड्याला पाठपुराव्याच्या फोनची जोड दिली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, नेहमीचे उपचार मिळालेल्यांच्या तुलनेत पुढच्या सहा महिन्यांतली आत्मघाती कृत्यं सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळली.

पण आराखडा भरणं हे कसब आहे. ‘मित्राला फोन करेन’ एवढं लिहून भागत नाही. कुठला मित्र? रात्री दोन वाजता उचलेल? त्याला हे ठाऊक आहे का? शेतकरी असेल तर फवारणीचं औषध घरात नको. ते चुलतभावाकडे कुलपात आणि किल्ली वहिनींकडे, इतकं नेमकं ठरायला हवं. शिकाऊ मंडळी इथेच घाई करतात, आणि मार्गदर्शकाने इथेच त्यांना थांबवावं.

‘पोलीस केस होईल’ ही धास्तीही बोलून काढावी. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधलं ११५वं कलम आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरतं. अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं दंडसंहितेतलं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आलेलंच नाही.

पुढच्या आठवड्यात: रुग्ण गमावलेल्या समुपदेशकाला कोण सावरतं?

(हे वाचताना स्वतःसाठी मदत हवीशी वाटली, तर टेलिमानस: १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही.)