दात काढल्यानंतरचे हाड

दात काढला, ठणका थांबला, की बहुतेकांच्या लेखी प्रकरण मिटते. रिकाम्या जागेकडे लक्ष जाते ते चार-पाच वर्षांनी, इम्प्लांट बसवून घ्यावे असे वाटू लागल्यावर. आणि तेव्हा दंतवैद्य सांगतात, की तेथे पुरेसे हाडच उरलेले नाही.

दातांची मुळे जबड्याच्या ज्या कडेत रुतलेली असतात, ती कड दातांच्याच आधाराने टिकते. दात गेला की ती झिजू लागते. पुढच्या दातांपाशी ओठाकडील भिंत पुष्कळदा एक मिलिमीटरहूनही पातळ असते. तीच आधी ढासळते. वर्षभरात कडेची रुंदी सुमारे निम्म्याने घटू शकते आणि त्यातील बरीचशी घट पहिल्या 3 महिन्यांतच होऊन जाते.

स्वीडनचे ब्रोनेमार्क यांनी 1965 साली रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची इम्प्लांट बसविली. हाड या धातूशी एकजीव होते, हे त्यांनी ओळखले होते. पण त्यासाठी मुळात हाड हवे.

म्हणून काळजी घ्यायची ती दात काढतानाच. भिंत न मोडता मूळ हळुवार सुटे करतात, खोबण स्वच्छ करून तीत अस्थिकण भरतात, वर कोलॅजेनचा पातळ पडदा ठेवून टाके घालतात. हे कण रुग्णाच्या स्वतःच्या हाडाचे, दान केलेल्या मानवी हाडाचे, प्रक्रिया केलेल्या गोवंशीय हाडाचे किंवा कृत्रिम असतात. यांपैकी कोणते वापरणार, हे निःसंकोच विचारावे. त्यांच्या आधाराने नवे हाड धरते आणि साधारणतः 4 ते 6 महिन्यांनी इम्प्लांट बसविता येते. झीज यामुळे पूर्णपणे थांबत नाही, कमी होते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तंबाखू, मिश्री आणि अनियंत्रित मधुमेह हा सारा खटाटोप वाया घालवू शकतात. अक्कलदाढ काढल्यावर याची सहसा गरजही नसते.

पालकांसाठी एक गोष्ट मात्र वेगळी सांगायला हवी. जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत मुलांना इम्प्लांट बसवीत नाहीत. तेराव्या वर्षी खेळताना पुढचा दात गेला, तर मधली अनेक वर्षे हाड झिजतच राहते. असा कायमचा दात निखळून पडल्यास मूळ न घासता, शिखराकडून धरून तो पाण्याने हलकेच धुवावा, लगेच खोबणीत बसवावा. ते न जमल्यास दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. पुनःस्थापित दात पुढे टिकला नाही, तरी तो असेपर्यंत हाड राखतो.