कॉर्टिसॉलचा लगाम सुटतो तेव्हा

गुडघेदुखीवर कुणीतरी सांगितलेली पुडी सुरू केली, चार दिवसांत दुखणं पळालं, भूक वाढली, अंग भरलं. घरच्यांना बरंच वाटतं. काही महिन्यांनी मात्र चेहरा गोल आणि लालसर होतो, पोट सुटतं, मानेमागे चरबी साठते, हातपाय बारीक होतात आणि रक्तदाब, साखर दोन्ही वाढलेली निघतात. कॉर्टिसॉल हे संप्रेरक दीर्घकाळ जास्त राहिल्याने होणाऱ्या या आजाराला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. हार्वे कुशिंग या अमेरिकन मेंदूशल्यविशारदाने १९१२ मध्ये २३ वर्षांच्या एका तरुणीच्या आजाराचं वर्णन केलं आणि १९३२ मध्ये अशा लक्षणांचा संबंध पियुषिका ग्रंथीतल्या लहान गाठींशी जोडला.

कॉर्टिसॉल वाईट नाही. त्याच्याशिवाय माणूस जगत नाही. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी ते तयार करतात. आजारपणात, उपासात रक्तदाब आणि साखर सावरून धरण्याचं काम ते करतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस पियुषिकेला इशारा देतो, पियुषिका एसीटीएच सोडते आणि त्या हुकमाने अ‍ॅड्रिनल कॉर्टिसॉल बनवते. रक्तात ते पुरेसं झालं की टाकी भरल्यावर बॉलकॉकने पाणी बंद व्हावं, तसा वरून येणारा हुकूम कमी होतो. सकाळी पातळी सर्वांत जास्त, मध्यरात्री सर्वांत कमी, हा रोजचा क्रम.

हा लगाम सुटला की शरीर आतून झिजतं. स्नायूंमधलं प्रथिन तुटतं, म्हणून जमिनीवरून हात न टेकता उठणं किंवा जिना चढणं जड जातं. त्वचा पातळ होते, जराशा धक्क्याने काळेनिळे डाग पडतात. हाडं ठिसूळ होतात, झोप उडते, मन खचतं. स्त्रियांची पाळी अनियमित होते, चेहऱ्यावर केस येतात. लहान मुलाचं वजन वाढतंय पण उंची थांबली, तर तीही महत्त्वाची खूण.

नुसतं वजन वाढलं म्हणून कुशिंगची शंका घ्यायची नसते. पोटावरचे वळ नीट पाहावेत: बाळंतपणानंतर किंवा वजन वाढल्याने पडणारे वळ काही काळाने फिकट होतात, कुशिंगमधले जांभळट आणि बरेचदा एक सेंटिमीटरपेक्षा रुंद असतात.

कुशिंगचं सर्वांत मोठं कारण बाहेरून घेतलेलं, कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही औषधं दमा आणि संधिवातात मोलाची आहेत. पण डॉक्टरांच्या देखरेखीविना महिनोन्‌महिने घेतलेल्या गोळ्या, स्टेरॉइडची भेसळ असलेल्या पुड्या, नायट्यावर किंवा गोरेपणासाठी चोळलेली क्लोबेटासोलची क्रीमसुद्धा हा आजार ओढवू शकतात. शरीरातच कॉर्टिसॉल जास्त बनत असेल, तर बहुतेकदा दोष पियुषिकेतल्या छोट्या गाठीचा असतो. काहींमध्ये अ‍ॅड्रिनलच्या गाठीचा, क्वचित फुप्फुसासारख्या ठिकाणच्या एसीटीएच बनवणाऱ्या गाठीचा.

तपासणी याच लगामाची परीक्षा घेते. रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी द्यायची आणि सकाळी ८ वाजता रक्त घ्यायचं. निरोगी शरीर बाहेरचं स्टेरॉइड ओळखून स्वतःचं उत्पादन आवरतं आणि कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून खाली जातं. कुशिंगमध्ये ते सहसा उतरत नाही. रात्री उशिराची लाळ आणि २४ तासांची लघवी याही तपासण्या असतात. एकाच अहवालावर निदान होत नाही. किमान दोन प्रकारच्या तपासण्यांत दोष दिसावा लागतो. दिवसा केव्हातरी मोजलेलं कॉर्टिसॉल त्यासाठी पुरत नाही. निदान पक्कं झाल्यावर एसीटीएच पाहतात: ते दबलेलं असेल तर अ‍ॅड्रिनलचं स्कॅन, नसेल तर पियुषिकेचा एमआरआय.

पियुषिकेची गाठ नाकावाटे शस्त्रक्रिया करून काढतात, अ‍ॅड्रिनलची बहुधा दुर्बिणीतून. शस्त्रक्रिया शक्य नसेल किंवा पुरी पडली नाही, तर कॉर्टिसॉल कमी करणारी औषधं असतात. गाठ गेल्यावरही दबलेल्या यंत्रणेला जागं व्हायला महिने लागतात. तोवर हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या घ्याव्या लागतात.

स्टेरॉइड घेणाऱ्यांसाठीही हेच कळीचं आहे. बाहेरून औषध मिळत राहिलं की अ‍ॅड्रिनल काम थांबवते. अशा वेळी घाबरून गोळ्या एकदम बंद केल्या तर शरीराकडे कॉर्टिसॉलच उरत नाही: उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं, आणि जिवाला धोका. मात्रा कमी करायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, टप्प्याटप्प्याने. म्हणून संशय आला की घरातली प्रत्येक स्ट्रिप, पुडी आणि ट्यूब पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. 'ते तर साधं आयुर्वेदिक आहे' म्हणून एखादी पुडी वगळू नका. निदानाचा धागा कदाचित तिथेच सापडेल.