बांधीतील हिरवे कामगार

अड्याळच्या शिवारात धानाची रोवणी झाली, की एखाद्या सकाळी बांधीच्या काठावर जाऊन पाहा. पाण्याखालच्या मातीवर हिरवट-निळसर थर दिसेल. उर्दूत आपण त्याला 'काई' म्हणतो, मराठीत शेवाळ. ऊन असेल तर दुपारी पुन्हा तेथेच जा. सकाळी तळाशी असलेले शेवाळाचे तुकडे आता पाण्यावर तरंगताना दिसतील. त्यांत बारीक बुडबुडे अडकलेले असतील. हे बुडबुडे कशाचे?

ते आहेत ऑक्सिजन वायूचे. निळे-हिरवे शेवाळ हे खरे शेवाळ नव्हे. ते एक प्रकारचे जीवाणू आहेत. झाडाच्या पानाप्रमाणे त्यांच्यातही हरितद्रव्य असते. सूर्यप्रकाशात ते पाणी व कार्बन डायऑक्साइड यांपासून अन्न तयार करतात आणि ऑक्सिजन बाहेर सोडतात. या क्रियेला प्रकाशसंश्लेषण म्हणतात.

हिवाळ्यातही ऊन असते. मग तेव्हा हे काम मंद का होते? कारण हे काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात हरितद्रव्य प्रकाश पकडते. त्यावर थंडी-उष्णतेचा परिणाम थोडाच होतो. दुसऱ्या टप्प्यात साखर तयार होते. ती तयार करण्यास विकरे नावाची प्रथिने मदत करतात. ठराविक मर्यादेत तापमान १० अंशांनी वाढले, तर त्यांच्या कामाचा वेग साधारण दुप्पट होतो. थंडीत मात्र प्रकाश भरपूर असूनही साखर हळूहळू बनते.

मग उष्णता जितकी जास्त तितके चांगले, असे समजावे काय? नाही. अंडे उकडले की ते पुन्हा पातळ होत नाही. फार तापलेल्या विकरांचेही तसेच होते. बांधीतील बहुतेक जीवाणूंना सुमारे ३० ते ३५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. अमेरिकेतील यलोस्टोन येथील गरम झऱ्यांत मात्र काही जाती ७० अंशांच्या पाण्यातही अन्न तयार करतात. सुमारे ७३ अंशांच्या पुढे प्रकाशसंश्लेषण करणारा जीव आजवर आढळलेला नाही.

या साऱ्याचा आपल्या ताटातील भाताशी संबंध आहे. यांपैकी काही जीवाणू हवेतील नत्र धानाला उपयोगी पडेल अशा रूपात आणतात. धानाच्या शेतातील त्यांचे हे कार्य पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञाने १९३९ साली दाखवून दिले. परिस्थिती अनुकूल असेल, तर एका हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्र मिळू शकते. म्हणून रोवणीनंतर सुमारे आठवड्याने हेक्टरी १० किलो वाळवलेले शेवाळखत बांधीत टाकतात. परंतु नंतर बांधीत पाणी टिकले पाहिजे. पाणी आटून अगदी उथळ झाले, तर ते दुपारी फार तापते. मग जीवाणूंचे अन्न तयार होणे मंदावते, नत्र कमी मिळते आणि शेतकऱ्याचा खर्च वाया जातो.

मे महिन्यात बांधीची माती भेगाळते. तेव्हा यांतील अनेक जाती जाड आवरणाच्या पेशींच्या रूपात कोरड्या मातीत निपचित राहतात आणि पाऊस पडला की पुन्हा कामाला लागतात.

आता एक प्रयोग करा. दोन काचेच्या बाटल्यांत बांधीतील पाणी व सारखेच शेवाळ घ्या. एक बाटली माठातील थंड पाण्याच्या परातीत, दुसरी कोमट पाण्याच्या परातीत ठेवा. दोन्ही पराती एकाच उन्हात असू द्या. कोणत्या बाटलीत बुडबुडे आधी दिसतात? पाहा आणि त्याचे कारण मराठीत पाच वाक्यांत लिहा.