गाविलगड : ओळखीच्या वाटेवरचा अनोळखी किल्ला

चिखलदऱ्याला जाऊन न आलेलं घर अमरावती-अकोल्याकडे विरळाच! परतवाड्याचा घाट चढायचा, देवी पॉइंट, पंचबोल पाहायचं, भीमकुंडापाशी द्रौपदीला छळणाऱ्या कीचकाची कथा मुलांना सांगायची आणि कॉफी घेऊन परतायचं. गाविलगड मात्र बहुतेकींनी लांबूनच पाहिलेला असतो. ‘पडके दगड, काय पाहायचं?’ असंच आपण म्हणतो, नाही का?

पण या पडक्या दगडांत एकेकाळी आपल्या वऱ्हाडचा कारभार नांदत होता. गवळ्यांचा म्हणून हा गाविलगड. १४२५च्या सुमारास बहामनी सुलतान अहमदशहाने तो भक्कम बांधून घेतला. पुढे वऱ्हाडचा सुभेदार फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क याने १४८८मध्ये त्याची मोठी दुरुस्ती केली आणि दोनच वर्षांत एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर, राजधानी करून स्वतंत्र राज्य थाटलं. हा फत्तेउल्ला जन्माने विजयनगरच्या मुलखातला कानडी ब्राह्मण. लहानपणी युद्धात पकडला गेला आणि मुसलमान झाला, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो.

गडाच्या दिल्ली दरवाज्यापाशी जरा मान वर करून पाहा. सिंह, हत्ती आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी दगडात कोरलेले आहेत. हाच पक्षी विजयनगरच्या नाण्यांवरही असे! आत दगडी कमानींची मशीद, तलाव, बुरुजांवर पडून राहिलेल्या तोफा. किल्ल्याची रचनाही हुशारीची. तीन बाजूंना खोल दऱ्या. फक्त उत्तरेकडून चिंचोळ्या वाटेने डोंगर जोडलेला. म्हणून त्या बाजूला बाहेरचा किल्ला, त्यामागे आतला मोठा किल्ला, असा दुहेरी बंदोबस्त.

नेमका त्याच बाजूने घात झाला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावला नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव करून जनरल वेलस्ली गाविलगडावर चालून आला. त्याच्या सैन्याने डोंगरातून रस्ता काढत तोफा वर ओढल्या. तटाला खिंडारं पडली आणि १५ डिसेंबरला शिपाई आत घुसले. आतल्या किल्ल्याच्या भिंतीला शिड्या लावून ते पलीकडे उतरले. गड राखणारा बेनीसिंग राजपूत लढता लढता पडला.

आता जी गोष्ट सांगते, ती कुठल्या पॉइंटवर कोणी सांगत नाही. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून गडावरच्या राजपूत सरदारांच्या बायका-मुलींना मारून टाकायचं ठरलं होतं. त्या वेळच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणात त्यांची संख्या बारा-चौदा सांगितली आहे. काही गेल्या, काही मात्र जखमी अवस्थेत जिवंत सापडल्या. जिवंत राहिलेलीच्या मनात काय आलं असेल? नवरा गेला, घर गेलं, आणि ज्या हातांनी राखायचं त्याच हातांचा घाव अंगावर! वेलस्लीचं नाव पानोपानी येतं. या बायका मात्र ‘सरदारांच्या बायका’ एवढ्याच उरल्या.

देवगावचा तह झाल्यावर गड पुन्हा भोसल्यांकडे आला, नंतर निजामाकडे गेला. १८५३मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेलं आणि गडाची तटबंदी पाडण्यात आली. म्हणजे बरं का, आपल्याला दिसते ती सगळी पडझड ऊन-पावसाची नाही. बरीचशी माणसाच्या हातची आहे.

तेव्हा पुढच्या खेपेला सकाळीच निघा. पिण्याचं पाणी आणि दशम्या-चटणी बरोबर घ्या, पायात चपलांऐवजी बूट घाला. जंगलचा भाग आहे, म्हणून दिवस मावळायच्या आत खाली या. मुलांना बुरुजाच्या कडेला जाऊ देऊ नका, आणि दगडावर नावं तर मुळीच कोरू देऊ नका. भीमकुंडावर द्रौपदीची कथा सांगतोच आपण. गडावर गेलात की या बायकांचीही सांगा. लेकींना सांगा, आणि मुलांनाही.