आत कोणी नसलं तरी

जुलै-ऑगस्ट आला की अंबरनाथला आमच्या दाराची बेल जास्त वाजते. सरकारी बँकांच्या भरतीच्या जाहिराती साधारण याच दिवसांत येतात आणि कोणाची ना कोणाची आई सोफ्याच्या कडेवर अवघडून बसते. कधी शेजारच्या इमारतीतली, कधी बदलापूरच्या लांबच्या नात्यातली, कधी उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातली. चहा होतो, मुलीचे बी. कॉम.चे मार्क सांगून होतात आणि मग मुद्द्याचं येतं, “काकू, फॉर्म भरायला सांगते तिला. पण तुम्ही आत जरा शब्द टाकाल ना?”

मी सांगते, शब्द टाकायला तिथे जागाच नाही. समोरचा चेहरा पडतो. मी मदत करायची टाळते आहे, असं त्यांना वाटतं. दारातून निघताना एक वाक्य ठरलेलं असतं, “आत कोणी असल्याशिवाय कोण घेतं हो बँकेत?”

हे वाक्य मी तीसेक वर्षं ऐकते आहे आणि आता मला त्याचा राग येतो. कारण ते ऐकून पोरी फॉर्मच भरत नाहीत. मी स्वतः १९८८ साली एका सरकारी बँकेत कारकून म्हणून लागले. वडील काडेपेटीच्या कारखान्यात, आई घरी, नात्यात बँकेची पायरी चढलेलं कोणी नाही. बँकिंग सेवा भरती मंडळाची लेखी परीक्षा दिली, मुलाखत झाली, पत्र आलं. त्या वेळी निदान मुलाखत तरी होती. आज कारकुनाच्या भरतीत तीही नाही.

आता नीट सांगते. देशात १२ सरकारी बँका आहेत. स्टेट बँक स्वतःची परीक्षा घेते. उरलेल्या ११ बँकांची भरती आयबीपीएस ही संस्था करते. तिचं मुख्यालय कांदिवलीला आहे. तिची सुरुवात १९७५ची, १९८४पासून ती स्वतंत्र संस्था आहे आणि २०११पासून बँकांची सामाईक परीक्षा घेते. कारकुनाला (या पदाचं नाव आता ग्राहक सेवा सहयोगी झालं आहे) आधी प्राथमिक परीक्षा, मग मुख्य परीक्षा. प्राथमिकचे गुण फक्त पुढे जाण्यापुरते, यादी लागते ती मुख्य परीक्षेवर. दोन्ही संगणकावर होतात. केंद्रावर अंगठ्याचा ठसा आणि फोटो घेतात आणि रुजू होताना तोच माणूस आला आहे ना, हे ताडून बघतात. वेगवेगळ्या सत्रांतल्या पेपरांची काठिण्यपातळी जुळवून गुण काढतात. नंतर गुण, प्रवर्ग आणि उमेदवाराने दिलेला बँकांचा पसंतीक्रम यांवरून कोणाला कुठली बँक ते ठरतं. या साखळीत आमच्या शाखेचा मॅनेजर कुठे येतो? कुठेच नाही. नवीन माणूस येणार हे त्याला कळतं तेव्हा नेमणुकीचं पत्र निघालेलं असतं. स्वतःच्या मुलासाठीसुद्धा त्याच्या हातात काही नसतं. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणांची मुलं दोन-दोन, तीन-तीन वेळा नापास झालेली मी पाहिली आहेत.

“मग अधिकाऱ्यांची मुलाखत?” हा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. प्रोबेशनरी ऑफिसरसाठी (पीओ) मुलाखत आहे. तिचं वजन शंभरात वीस, मुख्य परीक्षेचं ऐंशी. मुलाखत १०० गुणांची, मुख्य परीक्षा २२५ची. म्हणजे मुलाखतीतल्या दहा गुणांचे शेवटच्या यादीत होतात दोन, आणि ते दोन मुख्य परीक्षेत सहा गुण जास्त मिळवून भरून निघतात. काठावरच्या उमेदवाराला दोन गुण फार असतात हे मी जाणते. पण सहा गुण जास्त मिळवणं कोणाच्याही काकांपेक्षा आपल्या हातातलं आहे.

कायद्याचं म्हणाल तर थेट राज्यघटनाच बघा. अनुच्छेद १६ (२) सांगतो की सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास यांवरून भेदभाव करता येणार नाही. त्यातला ‘कूळ’ हा शब्द आपण वाचताना ओलांडून जातो. १९६०मध्ये आंध्रातल्या एका गावाच्या मुन्सफाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ते पद आधीच्या मुन्सफाच्या घराण्यातच राहावं, असा जुना मद्रासचा कायदा होता. ती घराण्याची अट न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. पाटीलकी-कुलकर्णीपणाची वतनं आपल्याकडे गेली, त्याच काळातली ही गोष्ट. बापाची खुर्ची मुलाला, हे तेव्हाच संपलं.

मग अनुकंपा? ती आहे, पण मुख्यतः नोकरीत असताना कर्मचारी गेला आणि घर उघड्यावर पडलं तर. तो वारसाहक्क नाही, अचानक कोसळलेल्या कुटुंबाला हात देण्यापुरती ती सोय आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये उमेशकुमार नागपाल यांच्या प्रकरणात सांगितलं. आमच्या शाखेत अशी एक मुलगी आली तेव्हा ग्राहक कुजबुजले, “बघा, वडिलांच्या जागी चिकटवली.” तिचे वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्या कुजबुजीचं मला आजही वाईट वाटतं.

इतकं सगळं असूनही लोकांना ओळखच खरी का वाटते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, ते बघतात ते खरं असतं, पण नाव चुकीचं देतात. नात्यातला एखादा मुलगा गळ्यात पट्टा, पट्ट्याला बँकेचं कार्ड लावून लोकलमध्ये दिसतो. “मामाने बँकेत लावला.” चौकशी केली तर तो एजन्सीच्या पगारावर क्रेडिट कार्ड विकत असतो, किंवा वसुलीला फिरत असतो, नाहीतर कंत्राटदाराकडून आलेला असतो. अशा कामाला माणूस ओळखीतून येतो, अगदी नेहमी येतो. कंत्राट संपलं की जातोही. तो बँकेत काम करतो, बँकेचा नोकर नसतो. बाहेरून हा फरक दिसत नाही.

दुसरं ठिकाण पतपेढीचं. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बाजारात संध्याकाळी दुकानोदुकानी दैनंदिन ठेव गोळा करणारा पिग्मी एजंट तुम्ही पाहिला असेल. दिवसभराची रोकड त्याच्या पिशवीत असते. त्याला घेताना त्याचा जामीनदार कोण, त्याला ओळखतं कोण, हे विचारतात. कोणीतरी त्याच्या घराला ओळखतो म्हणूनच त्याच्या हाती पैसे देतात. संचालकाचा भाचा हिशेबनीस झालेल्या लहान पतसंस्थाही मी पाहिल्या आहेत, ते मी नाकारणार नाही. नात्याचा हा धोका रिझर्व्ह बँकेलाही माहीत आहे. नागरी सहकारी बँकांनी संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देऊ नये, असा आदेश तिने २००३मध्येच काढला.

पैशाच्या कामात ओळख हाच जामीन, हे उल्हासनगरकरांना तर वेगळं समजावून सांगावं लागू नये. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत जी सिंधी कुटुंबं आली आणि १९४९मध्ये ज्यांच्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं, त्यांच्या सिंधमध्ये शिकारपूर नावाचं गाव आहे. तिथल्या सराफांच्या हुंड्या बुखाऱ्यापर्यंत चालत. पैसा ‘शाह’चा, परमुलखात राहून व्यवहार करणारा ‘गुमास्ता’. हा गुमास्ता ओळखीच्या घरातला, बहुधा आपल्याच गावचा. का? तो तिकडे पैसे घेऊन पळाला तर दाद मागायला न्यायालय नव्हतं, पण त्याचं घर शिकारपुरात होतं. घर हाच जामीन. ओळखीने नोकरी देण्यामागे त्या काळी एवढं रोखठोक कारण होतं. आज त्या जागी पोलीस पडताळणी आहे, कर्जफेडीचा इतिहास आहे, लेखापरीक्षण आहे. कारण गेलं, समजूत तेवढी मागे राहिली.

आता खासगी बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंडांची कार्यालयं. इथे ओळख चालते, आणि उघडपणे चालते. कर्मचाऱ्याने नाव सुचवायचं, उमेदवार टिकला तर सुचवणाऱ्याला बक्षीस, अशी योजना बऱ्याच ठिकाणी असते. त्याने तुमचा बायोडाटा ढिगातून वर येतो, नोकरी मिळतेच असं नाही. आणि ही ओळख सख्ख्या मामाचीच लागते असंही नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७४मध्ये अमेरिकेतल्या न्यूटन गावातल्या नोकरदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्याहून जास्त, ५६ टक्के लोकांना नोकरी ओळखीतून कळली होती. पण त्या ओळखीची माणसं नेहमी भेटणारी होती का? सहातल्या एकाच्याच बाबतीत. बाकीची अधूनमधून किंवा क्वचित भेटणारी. घरच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं, नवी बातमी लांबचा माणूस आणतो. २०२२मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनवरच्या दोन कोटी लोकांवर केलेले प्रयोग आले, त्यांचाही निष्कर्ष याच दिशेचा होता. बदलापूर लोकलच्या डब्यात रोज समोर बसणारी, फोर्टला कामाला जाणारी बाई तुमच्या काकांपेक्षा जास्त उपयोगाची ठरू शकते. तिच्याशी बोला.

एक गोष्ट मात्र खासगी क्षेत्राबद्दल स्पष्ट सांगायला हवी, कारण ती कोणी सांगत नाही. तिथे पुष्कळदा तुमचा नातेवाईक कंपनीत आहे का, याला महत्त्व नसतं. त्याच्याकडे पैसे आहेत का, याला असतं. विक्रीच्या जागेसाठी मुलाखतीत विचारतात, ओळखीतली किती खाती आणाल? विमा एजंटाला पहिल्याच आठवड्यात नातेवाईक आणि मित्रांच्या शंभर नावांची यादी करायला बसवतात. मोठ्या पातळीवर हेच घडलं तेव्हा ते महागात पडलं. जेपी मॉर्गन या अमेरिकी बँकेने चीन आणि आसपासच्या देशांत सरकारी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून त्यांच्या मुलांना, आप्तांना नोकऱ्या दिल्या, बदल्यात कामं मिळवली. २०१६च्या नोव्हेंबरमध्ये बँकेला अमेरिकेत सुमारे २६ कोटी ४० लाख डॉलर भरावे लागले. त्या भरतीला बँकेतच नाव होतं, ‘मुलं-मुली’. तेव्हा तुमच्या पोराला सहज घेतलं आणि पगारापेक्षा टार्गेटचीच चर्चा जास्त झाली, तर त्याची ओळख वापरली जाते आहे की त्याची मेहनत, हे आधी विचारून घ्या.

बाकीचे गैरसमज पटकन सांगते. एमबीए लागतं, हे चूक. कारकून आणि पीओ दोन्हींना कोणत्याही शाखेची पदवी चालते. मराठी माध्यमाच्या मुलांचं काम नाही, हेही चूक; २०२१च्या निर्णयानुसार कारकुनाची परीक्षा मराठीतही देता येते, इंग्रजीचा विभाग तेवढा इंग्रजीत असतो. बाहेरच्या राज्यातला कोणीही इथली जागा घेतो असं म्हणतात, पण ज्या राज्यात अर्ज करायचा तिथली भाषा यावी लागते आणि शाळेत शिकली नसेल तर तिची चाचणी होते. मोबाइलचे हप्ते थकले तर बँकेला काय, असं समजू नका. रुजू होताना कर्जाचा इतिहास बघतात.

आणि सगळ्यांत घातक समज, पैसे दिले की आत होतं. बदलापूरच्या एका घराने गावची जमीन विकून एका एजंटाला तीन लाख दिले. खरं तर खुल्या प्रवर्गाला फॉर्मचे फक्त ८५० रुपये लागतात. एजंट असे पाच-दहा घरांकडून घेतात. त्यांतलं एखादं पोर स्वतःच्या अभ्यासाने पास होतं, त्याचे पैसे एजंट ठेवून घेतो आणि बाकीच्यांना झुलवतो. त्या एका पोराची आई मग सगळीकडे सांगते, “सेटिंगने झालं.” पोराचा वर्षभराचा अभ्यास एजंटाच्या खात्यावर जमा होतो. जून २०२४पासून सार्वजनिक परीक्षांमधले गैरप्रकार रोखणारा केंद्राचा कायदा लागू आहे आणि आयबीपीएसच्या परीक्षा त्यात येतात. पेपर फोडणं, निकालात फेरफार करणं यांना तीन ते पाच वर्षं कैद, संघटित टोळी असेल तर पाच ते दहा वर्षं आणि किमान एक कोटी दंड. नुसतीच थाप मारून पैसे उकळले, तरी फसवणुकीचा गुन्हा आहेच. पोलिसांत जा. लाज वाटून गप्प बसू नका.

बँकवाल्याच्या घराचा फायदा मुळीच नसतो असं मी म्हणणार नाही. माझ्या मुलाला जाहिरातीची तारीख माहीत होती. त्याला अभ्यासाला टेबल होतं, पदवीनंतर एक वर्ष कमावलं नाही तरी चूल पेटत होती आणि नापास झाल्यावर “पुन्हा दे” म्हणणारं कोणी होतं. चाळीतल्या एका खोलीत, शिकवण्या घेत अभ्यास करणाऱ्या मुलीला यातलं काही नसतं. ओळखीचं सोडा, तिला हे कसं मिळेल ते बघू या.

म्हणून आता शब्द टाका म्हणणाऱ्या आयांना मी वेगळं उत्तर देते. रविवारी सकाळी दहाला मुलीला पाठवा. प्राथमिक परीक्षेत इंग्रजी, गणित आणि बुद्धिमापन, प्रत्येकाला वेगळी वीस मिनिटं. एका विभागाचा उरलेला वेळ दुसऱ्याला मिळत नाही आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. माझ्या जेवणाच्या टेबलाशी सध्या तिघी बसतात, एक बदलापूरची, दोन विठ्ठलवाडीच्या. चौथी खुर्ची रिकामी आहे. येताना पेन्सिल आणि घड्याळ आणायचं, मोबाइल घरी ठेवायचा.