जिथे थर्मामीटर पोचत नाही

मंडळी, आज आपण एका जुन्याच प्रश्नाकडे जरा वेगळ्या वाटेने जाऊ. ज्या वस्तूला आपण स्पर्शच करू शकत नाही, तिचं तापमान आपल्याला ‘माहीत आहे’ असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

ट्यूबलाइट घ्या. आतल्या विरळ वायूतून वीज गेली, की अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लाझ्मा तयार होतो. हे नाव लँगम्यूरने १९२८ साली दिलं. त्यातले इलेक्ट्रॉन १०,००० अंशांच्या घरात असतात, आणि नळी मात्र जेमतेम कोमट! मग तापमान कोणाचं म्हणायचं? लँगम्यूरने एक बारीक तार प्लाझ्मात खुपसली, तिचा विद्युतदाब बदलत नेला आणि तिच्यातून वाहणारा प्रवाह मोजला. त्या आलेखातून इलेक्ट्रॉनांचं तापमान निघतं. पण तार आत गेली, की तिच्याभोवतीचा प्लाझ्मा बदलतोच. आणि फार तप्त प्लाझ्मात तारच वितळते.

आता १९६८. रशियन शास्त्रज्ञ आर्त्सिमोविच यांनी नोवोसिबिर्स्कच्या परिषदेत सांगितलं, की मॉस्कोतल्या टी-३ या टोकामाकमध्ये इलेक्ट्रॉन १ कोटी अंशांच्या आसपास पोचले. टोकामाक म्हणजे मेदूवड्याच्या आकाराचं पात्र. त्यात चुंबकीय क्षेत्र प्लाझ्माला भिंतीपासून दूर धरतं. प्लाझ्मामुळे त्या क्षेत्रात पडणारा फरक मोजून रशियनांनी एकूण ऊर्जा काढली होती, आणि तिच्यावरून तापमान. पाश्चात्त्यांचा आक्षेप असा, की थोडे उधळलेले इलेक्ट्रॉनच हा आकडा फुगवत असतील. वर्गातल्या दोन पोरांनी ढीगभर मार्क मिळवले, की सगळ्या वर्गाची सरासरी चढते, तसं! आक्षेप रास्त होता, बरं का.

मग आर्त्सिमोविच यांनी चक्क इंग्लंडच्या कलहॅम प्रयोगशाळेतल्या लोकांनाच मोजायला बोलावलं. तेही शीतयुद्धाच्या काळात. ते टनावारी सामान घेऊन मॉस्कोला गेले. त्यांनी रुबी लेसरचा लाल झोत प्लाझ्मातून सोडला. आगगाडी जवळ येताना शिट्टी चढी लागते, दूर जाताना उतरती; तसाच धावत्या इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेल्या प्रकाशाचा रंग थोडा सरकतो. जितका वेग जास्त, तितका रंगांचा पसारा रुंद. हा विखुरलेला प्रकाश इतका क्षीण, की प्लाझ्माच्या स्वतःच्या उजेडात हरवून जावा; म्हणून झोत क्षणभराचा, पण अतिशय प्रखर.

आम्ही तत्त्वज्ञानवाले इथे कान टवकारतो. हे नुसतं आणखी एक मोजमाप नव्हतं. सरासरीत जे लपू शकत होतं, ते पसाऱ्याच्या आकारात लपू शकत नव्हतं: चार-दोन इलेक्ट्रॉन उधळलेत की सगळा जमावच तापलाय, हे वेगळं दिसत होतं. जमावच तापलेला निघाला.

निष्कर्ष नोव्हेंबर १९६९मध्ये ‘नेचर’मध्ये आले. त्यानंतर शंका घेणाऱ्यांपैकी अमेरिकेतल्या प्रिन्स्टनने आपलं वेगळ्या रचनेचं यंत्र उलगडून त्याचाच टोकामाक केला.